मांडलिकाला स्वतःचं राजकारण हवं

ग्रँड स्ट्रॅटेजी गेममध्ये, म्हणजे नकाशावर अख्खं राज्य चालवण्याच्या संगणकीय खेळात, एखादं राज्य मांडलिक झालं की कसलेला खेळाडू लगेच विलीनीकरणाचा हिशेब मांडतो. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मध्ये हा हिशेब सरळ आहे. मांडलिक होऊन किमान १० वर्षं झालेली हवीत, त्याचं आपल्याविषयीचं मत १९० पर्यंत पोचलेलं हवं, लिबर्टी डिझायर (स्वतंत्र होण्याची ओढ) ५० टक्क्यांच्या खाली हवी आणि दर डेव्हलपमेंटमागे (प्रांताच्या विकासाच्या एककामागे) ८ डिप्लोमॅटिक पॉइंट मोजायची तयारी हवी. तोच मुलूख स्वतः जिंकून कोअर (हक्काचा प्रांत) करायचा तर मूळ दर डेव्हलपमेंटमागे १० अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह पॉइंट. म्हणून नकाशावरून पुसलं गेलेलं एखादं राज्य आपल्याच एका प्रांतातून मोकळं करायचं, त्याच्या जुन्या कोअरसाठी ‘रिकन्क्वेस्ट’चं, म्हणजे गेलेला मुलूख परत घेण्याचं, निमित्त काढून युद्धं लढायची (या निमित्ताने अ‍ॅग्रेसिव्ह एक्सपान्शन, म्हणजे विस्तारामुळे शेजाऱ्यांच्या मनात साठणारा राग, फक्त चतुर्थांश लागतं) आणि गेलेलं सगळं परत मिळालं की ते राज्य अख्खं गिळायचं. ही चाल वर्षानुवर्षं उत्तम चालत आली आहे.

माझा आक्षेप असा की या सगळ्या व्यवहारात मांडलिक कुठेच नाही. त्याचा दरबार, त्याचा वारस, त्याची भीती, त्याच्याकडे गुपचूप येणारा शेजाऱ्याचा वकील, यांतलं काही खेळात उतरत नाही. उतरतो तो एक आकडा. तो ५० च्या खाली ठेवला की मांडलिक मुका होतो. प्रत्यक्षातलं मांडलिकत्व हा दोन दरबारांमधला सौदा होता आणि दुबळी बाजू तो सौदा प्रत्येक संकटात पुन्हा तपासून पाहायची. इथे राहून मला काय मिळतं? दुसऱ्याच्या छत्राखाली गेलो तर काय मिळेल? एकटा उभा राहिलो तर टिकेन का? मांडलिकाला हे तीन प्रश्न विचारता आले पाहिजेत आणि त्यांची उत्तरं खेळाच्या ओघात बदलली पाहिजेत. या प्रकारच्या खेळांतली मुत्सद्देगिरी सुधारायची असेल तर सुरुवात इथून करावी लागेल.

आधी सध्याच्या पद्धतीत पाणी कुठे मुरतं ते पाहू. लिबर्टी डिझायरचा मुख्य भार बळाच्या गुणोत्तरावर आहे. सगळ्या मांडलिकांचं सैन्य आणि अर्थव्यवस्था एकत्र करून ती अधिपतीशी ताडून पाहिली जाते. ही कल्पना मुळात चांगली आहे, कारण पाच लहान राज्यं मिळून धोका होऊ शकतात हे तिला कळतं. पण अधिपती एकदा पुरेसा मोठा झाला की हे गुणोत्तर कायमचं त्याच्या बाजूने झुकतं. उरलेसुरले टक्के विकत घेता येतात. मांडलिकाच्या प्रांतात आपल्या पॉइंटनी डेव्हलपमेंट वाढवली की दर वाढीमागे ५ टक्के उतरतात, त्याचं कर्ज फेडलं की उतरतात, भेटी दिल्या आणि सोयरीक जुळवली की मत सुधारतं. म्हणजे खेळाच्या उत्तरार्धात, साम्राज्य सर्वांत पसरलेलं आणि खरं तर सर्वांत ठिसूळ असायला हवं तेव्हा, मांडलिक सर्वांत आज्ञाधारक असतात.

इतिहासात गुणोत्तराइतकंच, बरेचदा त्याहून जास्त, महत्त्व होतं ते अधिपतीच्या गरजेला. १५२५ साली प्रशियाच्या ड्यूकने क्राकुफमध्ये पोलंडच्या राजापुढे गुडघे टेकून मांडलिकत्व पत्करलं. हे नातं सव्वाशेहून अधिक वर्षं टिकलं. १६५५ मध्ये स्वीडनने पोलंडवर स्वारी केली तेव्हा प्रशियाची सूत्रं ब्रांडेनबुर्गच्या फ्रेडरिक विल्यमकडे होती. तो आधी स्वीडनच्या बाजूने गेला आणि १६५६ च्या अखेरीस त्यांच्याकडून प्रशियावरचा आपला स्वतंत्र हक्क मान्य करून घेतला. मग १६५७ मध्ये वेलाऊच्या तहाने तो पोलंडकडे परतला, पण त्याच हक्काला पोलंडचीही मान्यता मिळवूनच. या दोन वर्षांत त्याने एकट्याने पोलंडला रणांगणात चिरडलं नव्हतं. पोलंडला त्याची निकड होती, बोली लावणारा दुसरा गिऱ्हाईक हजर होता आणि त्याने दोघांकडून किंमत वसूल केली. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मध्ये बंडखोर मांडलिकाच्या स्वातंत्र्याला परराष्ट्राने पाठिंबा देण्याची सोय आहे, पण मांडलिकाने स्वतः उठून दोन दरबारांत भाव करावा आणि भाव पटला तर मुकाट्याने अधिपतीकडेच राहावं, असं काही घडत नाही. तो एक तर निष्ठावान असतो नाही तर बंडखोर. मुत्सद्देगिरीचा सगळा खेळ या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात असतो आणि नेमका तोच रिकामा आहे.

दुसरी उणीव कराराच्या साचेबंदपणाची. एकाच ऑटोमन सुलतानाचे मांडलिक पाहा. रागुसाचं (आजचं दुब्रोव्हनिक) व्यापारी प्रजासत्ताक वर्षाला १२,५०० डुकाट खंडणी देत असे आणि त्या बदल्यात आपली जहाजं, आपले कॉन्सुल आणि ख्रिस्ती राज्यांशी चाललेला व्यापार सांभाळून होतं. क्रिमियाच्या खानाकडे पैसा उलट दिशेने वाहत होता. तो खंडणी देत नसे. त्याचे घोडेस्वार मोहिमेला हवे असत म्हणून सुलतानच त्याला रकमा पाठवी. मोल्दाव्हियाची आणखी तिसरीच तऱ्हा. १७११ मध्ये तिथला राजा दिमित्रिए कांतेमिर रशियाच्या झार पीटरला जाऊन मिळाला, तेव्हापासून सुलतानाने स्थानिक सरदारांवर भरवसा ठेवणं सोडलं आणि इस्तंबूलच्या फनारिओट (ग्रीक ख्रिस्ती) घराण्यांतली माणसं गादीवर पाठवायला सुरुवात केली. एका दगाबाजीने कराराचं एक कलमच बदललं. राज्य मांडलिकच राहिलं, फक्त गादीवर कोण बसणार हे ठरवण्याचा हक्क त्याच्या हातून गेला. खेळात असा बदल होण्यासारखी जागा हवी.

या बाबतीत ‘स्टेलारिस’ हा अंतराळातल्या साम्राज्यांचा खेळ इतरांच्या बराच पुढे आहे. २०२२ च्या ‘ओव्हरलॉर्ड’ या विस्तारानंतर तिथे करार कलमवार ठरतो: संसाधनांतला हिस्सा, उलट अधिपतीने द्यायचं अनुदान, युद्धात कोणी कोणाच्या बाजूने उतरायचं, स्वतंत्र परराष्ट्र धोरण ठेवता येईल की नाही, विलीनीकरणाला मुभा आहे की नाही. लढाऊ ‘बुलवार्क’ मांडलिकाला तर अधिपतीनेच पोसायचं असतं, म्हणजे क्रिमियाचा नमुना तिथे चक्क सापडतो. गुपचूप दुसऱ्याची निष्ठा पत्करण्याचीही सोय आहे. पण प्रत्येक कलमाची किंमत शेवटी एकाच लॉयल्टीच्या आकड्यात जमा होते. जाच एका कलमात, सवलत दुसऱ्यात आणि बेरीज शून्याच्या वर राहिली की काम झालं. व्यापारावर जगणाऱ्या राज्याला परराष्ट्र धोरणाचं कलम प्राणाहून प्रिय असेल आणि सरहद्दीवरच्या लढाऊ राज्याला त्याची काडीची पर्वा नसेल, हा भेद बेरजेत विरून जातो. ‘क्रुसेडर किंग्ज ३’ने दुसरी एक गोष्ट बरोबर पकडली आहे. सरदाराशी झालेला करार त्याच्या तोट्याच्या बाजूने बदलायचा तर हातात हुक (त्याच्यावर दबाव आणण्याचं साधन) हवा, नाही तर जुलमाचा ठपका बसतो आणि तो ठपका सगळे सरदार पाहतात. ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’मध्ये स्वायत्तता मदतीच्या दिशेप्रमाणे सरकते. अधिपतीने मांडलिकाला लेंड-लीजने शस्त्रं पुरवली की मांडलिकाची स्वायत्तता घटते, मांडलिकाने अधिपतीला पुरवली की वाढते. कोण कोणावर अवलंबून आहे हे त्या एका नियमाने नेमकं सांगितलं आहे. हे तुकडे वेगवेगळ्या खेळांत पडून आहेत. ते एकत्र जोडायला हवेत.

जोडणी कशी असावी हे मी थोडं तपशिलात मांडतो, कारण ‘मुत्सद्देगिरी सखोल हवी’ एवढं म्हणून कुठल्याही डिझायनरचं भागत नाही.

पहिली गोष्ट, अधिपतीच्या शब्दाची पत. हा आकडा मांडलिकागणिक वेगळा नसावा. अधिपतीचा एकच असावा आणि सगळ्या मांडलिकांना, तसंच होऊ घातलेल्या मांडलिकांनाही, तो दिसावा. ० ते १०० ची पट्टी घ्या, सुरुवात ५० पासून. मांडलिकाच्या राजधानीला वेढा पडल्यापासून सहा महिन्यांत अधिपतीचं सैन्य तिथे पोचलं नाही तर १० गुण वजा. तहात स्वतःचा मुलूख वाचवून मांडलिकाचा प्रांत देऊन टाकला तर २० वजा. बलाढ्य शत्रूपासून मांडलिकाचं रक्षण केलं तर ५ ते १५ जमा, शत्रूच्या बळाप्रमाणे. पत दरसाल एका गुणाने ५० कडे सरकावी, म्हणजे जुनी पुण्याई आणि जुनं पाप दोन्ही हळूहळू झिजतील. इथे पळवाटा लगेच निघतील. खेळाडू सहा महिन्यांची अट पाळायला एक रेजिमेंट पाठवून देईल, म्हणून वेढा घालणाऱ्याच्या निम्म्याहून अधिक बळ पोचलं तरच मदत धरावी. कोणी दुबळ्या शेजाऱ्याला मुद्दाम डिवचून फुकटचे गुण कमवायला जाईल, म्हणून जमेचे गुण शत्रूच्या बळाशी बांधलेले आहेत.

संरक्षणाचं वचन किती महाग पडू शकतं याचं उदाहरण १५९२ चं आहे. जपानने कोरियावर स्वारी केली तेव्हा चीनच्या मिंग दरबाराने आपलं सैन्य कोरियात उतरवलं. वर्षानुवर्षं येणाऱ्या कोरियन शिष्टमंडळांच्या भेटवस्तूंशी या खर्चाची तुलनाच होऊ शकत नाही, तरी मिंग उतरले. न उतरते तर पुढचा शत्रू त्यांच्याच दारात उभा राहिला असता आणि त्यांच्या छत्राला अर्थ उरला नसता. खेळातल्या अधिपतीपुढे हाच पेच यावा: मदत केली तर तिजोरी रिकामी, नाही केली तर उरलेले सगळे मांडलिक नवा धनी शोधू लागणार.

दुसरी गोष्ट, मांडलिकाचा निर्णय. दर महिन्याला निष्ठा मोजू नये. तसं केलं की आकडा ४९ आणि ५१ च्या मध्ये लटपटत राहतो आणि खेळाडू भेटवस्तूचं बटण दाबत बसतो. मांडलिकाने मोजक्याच प्रसंगी विचार करावा: अधिपतीचा राजा मेला आणि वारस अल्पवयीन आहे, अधिपतीने दिवाळं जाहीर केलं, तो मोठ्या युद्धात अडकला, किंवा कराराची मुदत संपली. त्या वेळी तीन पर्यायांची किंमत काढायची. राहण्याची किंमत म्हणजे संरक्षण गुणिले पत, अधिक बाजारपेठ, वजा खंडणी आणि अपमान. दुसऱ्याकडे जाण्याची किंमत म्हणजे त्याने देऊ केलेला करार गुणिले त्याचं सैन्य इथवर पोचण्याची शक्यता. स्वातंत्र्याची किंमत म्हणजे स्वतःचं बळ आणि पाठीराखे, वजा सूडाची भीती. या तिन्हींत फार अंतर नसेल तर मांडलिकाने बंड करू नये, त्याने मागणी पुढे करावी: खंडणी एवढी कमी करा, हा किल्ला परत द्या, माझ्या मुलीचा वारसा मान्य करा. अधिपतीने मागणी फेटाळली तरच पुढचं पाऊल. एकदा निर्णय झाला की किमान पाच वर्षं तो विषय बंद. साठ मांडलिक असले तरी ही गणितं अधूनमधूनच करायची आहेत, त्यामुळे संगणकावर फारसा भार पडत नाही.

खेळाडूचा राग बंडापेक्षा कारण न कळण्यावर जास्त असतो, म्हणून टूलटिपमध्ये (कर्सर नेला की उघडणाऱ्या चौकटीत) मांडलिकाच्या तिन्ही पर्यायांचा अंदाज दिसावा. पण तो अंदाजच असावा आणि त्याची अचूकता मांडलिकाच्या दरबारात आपला वकील आहे की नाही यावर ठरावी. वकील ठेवला तर परक्या दरबाराशी चाललेली बोलणी कळतील, पण मांडलिकाच्या सरदारांची नाराजीही वाढेल. हैदराबादला आणि पुण्याला बसलेले ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट हे दोन्ही एकाच वेळी घडवत होते. माहितीसाठी किंमत मोजावी लागणं हे मला या सगळ्या प्रस्तावातलं सर्वांत आवश्यक अंग वाटतं. ते नसेल तर वरची सूत्रं म्हणजे फक्त जास्त गुंतागुंतीचा लिबर्टी डिझायर.

कंपनीचं नाव निघालंच आहे तर तैनाती फौजेकडेही नीट पाहायला हवं, कारण करारातलं कलम स्वतःच कसं फास बनतं हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं. निजामाने १७९८ मध्ये तैनाती फौज स्वीकारली. तिच्या खर्चापोटी १८०० मध्ये मुलूख तोडून दिला. पुढे हैदराबाद काँटिंजंट या दुसऱ्या फौजेची थकबाकी साचली आणि १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेलं. बुडत्याचा पाय खोलात, अशी ही रचना. कागदावर अधिपती रक्षण करतो आहे, मांडलिक त्याचा खर्च देतो आहे, आणि तिकडे मांडलिकाची स्वतःची फौज आटत जाते. खेळात अशी कलमं असावीत की ज्यांचा परिणाम २०-३० वर्षांनी उमटेल. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मधला स्क्यूटेज पाहा. मांडलिक जास्त पैसे देतो, युद्धातून सुटतो, पण त्याची फौज तशीच उभी राहते. प्राचीन अथेन्सच्या ज्या मित्रराज्यांनी जहाजांऐवजी पैसा द्यायला सुरुवात केली ती मात्र आरमार गमावून बसली आणि त्यांच्याच पैशातून अथेन्सचं आरमार वाढलं. पुढे त्यांनी डोकं वर काढायचं ठरवलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. म्हणून स्क्यूटेजमध्ये दरसाल मांडलिकाची सैन्यक्षमता एकदोन टक्क्यांनी घटावी. अधिपतीला मांडलिक निमूट हवा की उपयोगी हवा, यांतलं एक निवडावं लागेल.

विलीनीकरणावर बंदी घाला असं मी म्हणत नाही. ते महत्त्वाचं शस्त्र आहे. पण सध्या पट्टी भरली की राज्य नाहीसं होतं आणि त्याचे प्रांत आयते कोअर होऊन हाती येतात. दरबार, फौज, जमीनदार जातात कुठे? १८५६ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने अवध खालसा केलं. नवाबाची फौज मोडीत निघाली, नव्या महसूल व्यवस्थेत अनेक तालुकदारांची गावं गेली आणि पुढच्याच वर्षी अवध उठावाच्या केंद्रस्थानी होतं. त्याआधी १८४८ मध्ये सातारा, १८५४ मध्ये नागपूर आणि झाशी खालसा झाली होती, ती दत्तक वारस नामंजूर करून. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीच्या सरकारला संस्थानिकांशी झालेले करार पाळण्याची आणि राज्यविस्तार न करण्याची ग्वाही द्यावी लागली. अर्थ असा की एका विलीनीकरणाचा सर्वांत मोठा प्रेक्षक उरलेला प्रत्येक मांडलिक असतो. खेळात सध्या इतर मांडलिकांचं मत काही गुणांनी उतरतं आणि काही वर्षांत भरून येतं. त्याऐवजी विलीनीकरण तीन टप्प्यांत व्हावं, आधी वारसा ठरवण्याचा हक्क, मग फौज, शेवटी महसूल, आणि दर टप्प्याला मांडलिकाच्या दरबाराला विरोधाची संधी मिळावी. मोडलेल्या फौजेतले सैनिक त्या प्रांतात बंडाच्या संख्याबळात जमा व्हावेत आणि ते १५ वर्षांत हळूहळू विरावेत. गादी गेलेल्या घराण्याचा दावेदार शेजारच्या दरबारात आश्रय घेऊ शकावा. कराराचा भंग करून गिळलं असेल तर अधिपतीची पत एकदम ३० ने कोसळावी.

दुहेरी निष्ठेचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या सर्वांत अवघड आहे, कारण बहुतेक खेळांच्या मांडणीत एका राज्याला एकच अधिपती असतो. रयुक्यूचं राज्य १६०९ पासून जपानमधल्या सात्सुमा संस्थानाच्या अंकित होतं आणि त्याच वेळी चीनच्या दरबारातही आपली शिष्टमंडळं पाठवत होतं. निदान १८७० च्या दशकापर्यंत हे चाललं आणि १८७९ मध्ये जपानने ते ओकिनावा म्हणून विलीन केलं. दोन्ही डगरींवर हात ठेवण्यातच त्या राज्याचं पोट होतं. यासाठी इंजिन उलथवायला नको. एक पूर्ण अधिपती आणि दुसऱ्याशी फक्त खंडणी व व्यापाराचा हलका करार, एवढी सोय पुरेल. युद्ध या दोघांमध्येच पेटलं तर मांडलिकाला एका वर्षात बाजू निवडावी लागेल.

आता नेहमीचा आक्षेप: हे फार होतं, लोकांना नकाशा रंगवायचा असतो. नकाशा रंगवण्यात मजा आहे आणि ती कोणी हिरावू नये. पण वरच्या मांडणीत क्लिक कमी होतात. भेटी पाठवणं, मत वाढवत ठेवणं, आकडा ५० च्या खाली आहे का हे सतत पाहणं, सगळं जातं. त्या जागी राजा मेल्यावर किंवा मुदत संपल्यावर एक वाटाघाट येते, तीसुद्धा चार-पाच तयार साच्यांतून निवडता येईल अशी: खंडणीवाला, लढाऊ, सरहद्दीचा, व्यापारी. ज्याला खोलात जायचं तो कलमं बदलेल, इतरांना साचा पुरेल.

आणि यातला सर्वांत मोठा लाभ मांडलिक म्हणून खेळणाऱ्याचा आहे. आज मांडलिक राज्य निवडलं की खेळ एकाच वाटेने जातो: पाठीराखे जमवा, संधी साधा, स्वतंत्र व्हा आणि मग खरा डाव सुरू करा. ‘क्रुसेडर किंग्ज ३’ याला अपवाद आहे. तिथे ड्यूक म्हणून राजाच्या छत्राखाली सबंध डाव रंगतो, कारण छत्राखालीही कमवायला बरंच काही असतं. राष्ट्रांच्या पातळीवरच्या खेळांत रागुसा घेऊन साडेतीनशे वर्षं खंडणी भरत, दोन्ही बाजूंना माल विकत, प्रत्येक युद्धातून थोडा जास्त फायद्याचा करार पदरात पाडत डाव जिंकता आला पाहिजे. त्यासाठी गुणांकनातही मांडलिकाला जागा हवी: किती कलमं बदलून घेतली, किती अधिपती टिकून पाहिले, व्यापारातून किती कमावलं.

हे नियम लावल्यावर ते चालतात की नाही हे तपासणं सोपं आहे. माणूस न बसवता, नुसत्या एआयवर, वीस-तीस डाव शेवटपर्यंत पळवावेत. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’च्या १४४४ ते १८२१ या पटावर अखेरीला जवळजवळ एकही जुना मांडलिक उरत नसेल तर विलीनीकरण अजून स्वस्त आहे. सगळेच उरत असतील तर ते फार महाग झालं आहे. मांडलिकांनी धनी बदलल्याच्या घटना अधिपतीच्या युद्धकाळात आणि वारसाबदलाच्या वेळी दाटलेल्या दिसत नसतील, डावभर सारख्या विखुरलेल्या असतील, तर निर्णयाचे प्रसंग नीट बांधलेले नाहीत. आणि मांडलिकांच्या मागण्यांपैकी मान्य झालेल्या मागण्या बंडांपेक्षा कमी भरल्या, तर भीतीचा गुणक आधी वाढवून पाहावा आणि खंडणीच्या दराला त्यानंतरच हात लावावा.